शंभर पानांना तीन मुठी

आमच्या घरात ताजं मीठ कधी कुणी खाल्लं नाही. उन्हाळ्यात खाडीकडून मिठाची गोण यायची, ती अण्णा मागच्या पडवीत दोन विटांवर उभी करून ठेवायचे आणि खाली मातीचं परळ सरकवायचे. वर्षभर त्या गोणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिच्यातून थेंब थेंब कडू पाणी गळत राहायचं, पावसाळ्यात तर दिवसभर टिपटिप चालू असायची, आणि आई ते परळ परसाच्या टोकाला नेऊन ओतायची. शेजारीच मागच्या वर्षीची गोण असायची, हलकी, कोरडी, हात घातला की खुळखुळणारी. ती वापरायची. "मिठालासुद्धा थोडं वय होऊ द्यावं लागतं," असं अण्णा म्हणायचे. "कोवळं मीठ आणि कोवळा जावई, दोघांवर लगेच भरवसा ठेवू नये." माझ्या दोन थोरल्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या. हे वाक्य ऐकलं की माझे दोन्ही मेहुणे कसनुसं हसायचे आणि आमटी मुकाट्यानं ओरपायचे.

डोंबिवलीतलं आमचं घर म्हणजे कौलारू दोन खोल्या, मागे विहीर, विहिरीपाशी चिंचेचं झाड आणि त्याच्या पलीकडे भाताची खाचरं. आता त्या खाचरांवर सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहते, पण तो विषय नको, त्यानं माझं डोकं फिरतं. तेव्हा आळीतल्या लोकांना विचारावं लागत नसे की उद्या अण्णांचं कुठे काम आहे का. आदल्या दिवशी सकाळपासून परसात मोठी पातेली चिंच आणि राख लावून घासली जात, त्यांचा घणघणाट खाचरांपर्यंत जाई. मग आईचा पाटा-वरवंटा सुरू होई. दुपारी खोबरं, तीळ, दगडफूल भाजल्याचा वास सुटला की शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत, "काय हो, मुंज की लग्न?" आई कपाळावरचा घाम पुसत सांगे, "लग्न. दोनशे पानं." आमच्याकडे माणसं मोजत नसत, पानं मोजत.

अण्णा आचारी. त्यांचे वडील आचारी, आजोबाही आचारी, कोकणातल्या आमच्या गावी देवळाच्या उत्सवाचा स्वयंपाक तीन पिढ्या आमच्याच घराकडे. त्या घराण्याचा एकच नियम होता आणि तो फार कडक होता. देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत आचाऱ्यानं चव घ्यायची नाही. जिभेला थेंब लागला की ते अन्न उष्टं. अण्णा सातआठ वर्षांचे असताना त्यांनी खिरीचा डाव चाटला होता. माझ्या आजोबांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, ते अख्खं पातेलं गोठ्यात नेऊन गाईंपुढे ओतलं आणि पुन्हा दूध आटवायला बसले. अण्णांना मारलं नाही, रागावलेसुद्धा नाहीत. "मारलं असतं तर मी विसरलो असतो," असं अण्णा सांगायचे.

आता चव न घेता दोनशे माणसांच्या आमटीत मीठ बरोबर पडायचं कसं? तर मुठीनं. अण्णांची उजवी मूठ हे आमच्या घराचं माप होतं. तिखट, गूळ, मसाला हे सगळं दिसतं, रंगावरून नाहीतर वासावरून कळतं. मीठ मात्र आमटीत पडलं की नाहीसं होतं, तिथे हात पक्का हवा. कामाच्या ठिकाणी चुलाणावर आमटीला उकळी फुटली की अण्णांचे मदतनीस दामूकाका हातातला झारा थांबवून मोठ्यानं विचारत, "अण्णा, किती?" उत्तर त्यांना पाठ होतं, वीस वर्षं तेच होतं, पण विचारल्याशिवाय राहत नसत. अण्णा म्हणत, "शंभराला तीन." मग गोणीत हात घालत, मूठ वर काढत, बोटांच्या फटीतून सांडेल तेवढं सांडू देत आणि पातेल्यावर नेऊन उघडत. एक, दोन, तीन. चिंचेचंही तेच. होळी झाली की झाडाची चिंच उतरवायची, आई आणि मी ती सोलून चिंचोके काढायचो, आणि मीठ लावलेल्या त्या चिंचेचे गोळे मात्र अण्णा स्वतः वळायचे. वळायचे कसले, मुठीत दाबायचे. शंभर पानांना तीन गोळे. ते वाळले की चिनीमातीच्या उंच बरणीत जात आणि वर्षभर पुरत.

त्या वर्षी गोळे करून झाले होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी अण्णा माळ्यावरून मोठं पातेलं काढायला शिडीवर चढले. शिडी सरकली, पातेलं वाचलं आणि अण्णा उजव्या मनगटावर पडले. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, कसला तरी काळा लेप लावला आणि महिन्याभरानं सोडायला सांगितल्या. महिन्यानं कामट्या सोडल्या तेव्हा हात सरळ दिसत होता. आई देवापुढे साखर ठेवायला उठलीसुद्धा. अण्णा मात्र हाताकडे बघत बसले होते. बोटं अर्ध्यापर्यंत वळायची आणि तिथेच अडायची. पळी धरता येत होती, पाट उचलता येत होता, जेवता येत होतं. मूठ मिटत नव्हती. वैद्य म्हणाला, "कोमट तेलानं चोळा, येईल." आम्ही चोळत राहिलो. मूठ काही मिटली नाही, शेवटपर्यंत नाही.

दुसऱ्या कुणी डाव्या हातानं काम भागवलं असतं. अण्णांनीही एकदा घरीच करून बघितलं, आणि आमटी इतकी खारट झाली की शेजारच्या मांजरानंही तोंड फिरवलं. डाव्या हाताला ते माप ठाऊकच नव्हतं. त्यानंतर अण्णा फारसे बोलेनासे झाले. एक दिवस कल्याणचा एक आचारी घरी आला, आमची पातेली उलटी करकरून, बोटानं वाजवून बघून गेला. मी विचारलं तेव्हा आई पाट्यावरून मान वर न करता म्हणाली, "भांडी द्यायची म्हणतायत. वखारीत रखवालदाराची जागा आहे, तिथे जातील." लाकडाच्या वखारीत! ज्यांच्या हातच्या मसालेभातासाठी लोक लग्नाची तिथी पुढेमागे करत, ते अण्णा ओंडके राखणार. मला इतका राग आला की मी विहिरीपाशी जाऊन घागर आपटली. तिला पोचा पडला आणि वर आईची बोलणी खाल्ली ती निराळीच.

एकच काम उरलं होतं, घेतलेलं, शब्द दिलेला म्हणून न टाकता येण्यासारखं. ठाण्याला खाडीच्या बाजूला हसुरामशेठ म्हणून एक आगरी गृहस्थ होते. मिठागरात बापजाद्यांनी खपून त्यांचं आता स्वतःचं मिठागर झालेलं आणि नवं घर बांधलेलं. वैशाखाच्या शेवटी वास्तुशांत, दोनशे पानं. ते उरकलं की कल्याणचा आचारी गाडी घेऊन येणार होता आणि पातेली नेणार होता. "शेवटचं काम आहे," अण्णा म्हणाले, "मीठ दामू घालेल." दामूकाकांनी दोन्ही हात जोडले. "अण्णा, पातेलं डोक्यावर घेऊन ठाण्याला चालत जाईन. मीठ नाही."

त्यानंतर एका सकाळी आईनं मला घरच्या आमटीसाठी बरणीतून चिंच काढायला सांगितली. मी गोळा काढला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्यावर चार बोटांचे चार खोलगट पट्टे होते आणि वर अंगठ्याचा खळगा. मी माझी बोटं त्या पट्ट्यांत बसवून पाहिली. माझं बोट त्यात लोळत होतं.

"आई, ही अण्णांची मूठ आहे."

"मग कोणाची असणार? अख्खी बरणी भरलीय मुठींनी. दे इकडे, उशीर होतोय."

मी दिला नाही. तो गोळा घेऊन घरातल्या एकेका वाटीत घालून पाहत सुटले. कुठे तो बुडायचा, कुठे वर डोकं काढायचा. शेवटी जी वाटी बरोबर भरली ती निघाली देवघरातली पितळेची, पंचामृताची. मी तीत मीठ भरलं, बोटानं वरून सपाट केलं आणि ओसरीवर बसलेल्या अण्णांपुढे नेऊन ठेवलं. आनंदानं मला धड बोलताही येत नव्हतं. "अण्णा, ही तुमची मूठ. सापडली. अशा तीन घालायच्या. मी घालते."

अण्णांनी वाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. "मिठाला भांडं लावायचं नसतं."

"का?"

"नसतं लावायचं. माझे वडील सांगायचे."

"पण का ते नाही सांगितलं?"

"वडिलांना का विचारायची पद्धत नव्हती तेव्हा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की ती पद्धत मोडल्याचं मला वाईट वाटावं. मला वाटलं नाही. मी सोळा वर्षांची होते आणि माझं बरोबर आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आईची काळजी वेगळीच होती. मुलीच्या जातीनं परक्यांच्या चुलाणापाशी उभं राहायचं, आणि नेमकी त्याच दिवशी बाजूला बसायची पाळी आली तर? "तर तेवढी तिथी सोडून काम घेऊ," अण्णा एकदम म्हणाले. आई आणि मी दोघी त्यांच्याकडे बघतच राहिलो. काम घेऊ, असं ते म्हणाले होते. नकार देतादेताच त्यांच्या तोंडून होकार निसटला होता, आणि तो परत घेणाऱ्यातले ते नव्हते.

वैशाखातल्या एका शनिवारी आळीतल्या मारुतीच्या प्रसादाला मी शंभर पानांची आमटी केली. मीठ वाटीनं, तीन वाट्या, आपल्या जुन्या गोणीतलं. आमटी अशी उतरली की लोकांनी वाट्या चाटल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अण्णांचा हात बरा झाला वाटतं." मी दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हते. अण्णा एवढंच म्हणाले, "बरी होती." आता वाटतं, तेव्हाच कुणीतरी माझे कान उपटायला हवे होते.

ठाण्याला भांडी आदल्या दिवशी दामूकाकांबरोबर बैलगाडीनं गेली, आम्ही तिघं पहाटेच्या गाडीनं गेलो. आळीत थोडी कुजबुज झाली होती, ब्राह्मण आचारी आगऱ्याच्या घरी म्हणून. अण्णांनी ती कानाआड केली. "चूल कुठेही लाकडावरच पेटते," म्हणाले. नवं घर चुन्याच्या वासानं भरलं होतं. मागच्या अंगणात चुलाणं मांडलेली, दारात केळीचे खांब, आणि मांडवाच्या कडेला पाटावर हसुरामशेठची आई बसलेली, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, आणि तळपायांना मिठाच्या पाण्यानं पडलेल्या भेगा अशा की त्यात नाणं उभं राहावं. ती कुणाशी बोलत नव्हती, सगळ्यांवर नजर मात्र होती.

दामूकाका आमची मिठाची गोण गाडीतून उतरवायला लागले तेव्हा हसुरामशेठ स्वतः पुढे आले. माणूस आडदांड पण बोलणं मऊ. "अण्णानू, ती गोन तशीच रावंदे. सोयपाक तुमचा, पन मीठ आमचा. माज्या नव्या घरान दुसऱ्याचा मीठ कसा चालंल?" त्यात चूक काय होती? ज्या घराच्या भिंती मिठावर उभ्या राहिल्या, त्या घराच्या वास्तुशांतीत बाहेरचं मीठ कसं पडणार? अण्णा क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "खरंय. यजमानाचं घर, यजमानाचं मीठ." शेठच्या माणसांनी नवी कोरी गोण आणून ठेवली. पांढरंशुभ्र मीठ, उन्हात डोळे दिपवणारं. अण्णांनी सवयीनं उजवा हात त्यात घातला. बोटं अर्ध्यावर अडली, मीठ फटींतून खाली गेलं आणि तळहातावर नुसते चार खडे राहिले. त्यांनी ते झटकले आणि पाठ फिरवून अळू निवडणाऱ्या बायकांकडे गेले. मला तेव्हा जे वाटलं ते अजून तसंच आठवतं. मला रडू आलं नाही, मला त्या मिठाचाच राग आला.

दोन पातेली आमटी होती, प्रत्येकी शंभर पानांची. आईचं सोवळ्याचं लुगडं नेसून मी चुलाणापाशी उभी होते, वरून ऊन आणि खालून जाळ. पहिल्या पातेल्याला उकळी फुटली. दामूकाकांनी झारा थांबवला आणि सवयीनं हाक दिली, "अण्णा, किती?" मांडवाच्या खांबाला टेकलेले अण्णा म्हणाले, "शंभराला तीन." मी पंचामृताची वाटी गोणीत घातली, वर सपाट केली, ओतली. एक, दोन, तीन. तिसऱ्या वाटीच्या वेळी माझ्या बोटांना काहीतरी चिकटलं. मीठ गार होतं. खुळखुळत नव्हतं, वाटीच्या तळाला धरून बसत होतं, मला वाटी आपटावी लागली. पण वाटी तीच, माप तेच, मग बिघडेल कसं? आणि चाखून बघायची तर सोय नाही. मी मागे वळून अण्णांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर विचारावं लागलं असतं.

दुसऱ्या पातेल्याला उकळी यायच्या आधी हसुरामशेठची आई पाटावरून उठली आणि पाय ओढत माझ्यापाशी आली. तिनं गोणीतलं चिमूटभर मीठ उचलून अंगठ्यानं चोळलं.

"काय गो पोरी, वाटीन मीठ मापतंस?"

"हो आजी. अण्णांच्या मुठीचं माप आहे."

"यो मीठ परवाच उचललाय गो. आजून पानी हाय त्यान." तिनं मूठभर मीठ घेतलं आणि आवळलं. मनगटावरून पाण्याचा ओघळ उतरला आणि हिरव्या बांगड्यांत गेला. "वाटीला काय कलतंय? हात घाल, हात."

एवढं बोलून ती परत जाऊन पाटावर बसली. मी हात घातला. मूठ आवळली. माझ्याही कोपरापर्यंत पाणी आलं आणि मुठीतलं मीठ बसून निम्म्याला आल्यासारखं वाटलं. मिठाला भांडं का लावायचं नसतं ते त्या क्षणी मला कळलं, आणि मला वाटतं आजोबांनाही ते असंच, कधीतरी हात ओला झाल्यावर कळलं असणार. वाटी पाणीही मीठ म्हणून मोजते. मी वाटी पदरात खोचून टाकली. अण्णांच्या तीन मुठी म्हणजे माझ्या चार, हे मला घरी भरून-ओतून माहीत झालं होतं. चार मुठी घातल्या, आवळून, पाणी काढून. मग थांबले. हाताला अजून ओल लागत होती. पाचवी घालायची की नाही? दामूकाका झारा धरून माझ्याकडे बघत होते. घरची सगळी पातेली, अण्णांची वखार, कल्याणच्या आचाऱ्याची गाडी, सगळं त्या एका मुठीपाशी येऊन थांबलं होतं. मी डोळे मिटले, पाचवी घातली आणि पातेल्यापासून दूर झाले.

पहिल्या पातेल्याला हात लावायची मात्र माझी हिंमत झाली नाही. एकदा मीठ घातलेल्या आमटीत अंदाजानं पुन्हा मीठ घालणं म्हणजे आंधळ्यानं सुईत दोरा ओवणं.

पूजा आटोपली. केळीच्या पानावर नैवेद्य गेला, घंटा वाजली, भटजींनी पाणी फिरवलं. आता चव घ्यायला मोकळीक होती. पंगत बसत होती, वाढपी पानांच्या कडेनं धावत होते. अण्णा पातेल्यांपाशी आले. पहिल्या पातेल्यातला थेंब त्यांनी डाव्या तळहातावर घेतला, जिभेला लावला. मग दुसऱ्यातला. पुन्हा पहिल्यातला. मी लुगड्याचा काठ मुठीत धरून उभी होते.

"पहिलं अळणी आहे," ते म्हणाले. "दुसऱ्यात किती वाट्या घातल्यास?"

"वाटीनं नाही घातलं. हातानं. पाच." मी तळहात पुढे केला. "मीठ ओलं होतं अण्णा. आधी मला कळलं नाही."

अण्णांनी पुन्हा एकदा दुसऱ्या पातेल्यातला थेंब घेतला. या वेळी डोळे मिटून, उगाचच जास्त वेळ. त्यांचा चेहरा मी आयुष्यात फार थोड्या वेळा तसा पाहिला. रडताना माणूस हसायचा प्रयत्न करतो तसं काहीसं. "दुसरं माझ्या वडिलांचं झालंय," ते म्हणाले. मग लगेच आचारी झाले. "बघतेस काय? आधी पानाची डावी बाजू वाढतील, मग वरण-भात, मग आमटी. वेळ आहे. पहिल्यात आणखी एक मूठ घाल."

"कुणाची?" मी विचारलं. म्हणजे त्यांच्या मापाची की माझ्या, असं मला म्हणायचं होतं.

"इथे दुसरी कुठली आहे?" ते म्हणाले.

मी घातली. दामूकाकांनी ढवळली. अण्णांनी मला मिठाचं तबक दिलं आणि पंगतीत धाडलं. पानात पहिलं मीठ का वाढतात, हा त्यांचा जुना विनोद होता: आचाऱ्याच्या अब्रूसाठी, चुकलंच तर जेवणाऱ्याच्या हाताशी असावं म्हणून. त्या दिवशी मी दोनशे पानांवर वरच्या टोकाला चिमूट चिमूट मीठ वाढत गेले आणि मग खांबाआड उभी राहून एकेका पानाकडे बघत राहिले. आमटी आली, वाट्या भरल्या, पुन्हा भरल्या. भुरके ऐकू येत होते. लोक उठले तेव्हा मीठ बहुतेक पानांवर होतं तसंच होतं. इतकं सुंदर दृश्य मी नंतर फार पाहिलं नाही, आणि सांगितलं तर लोक हसतात. हसुरामशेठच्या आईनं जेवून झाल्यावर मला जवळ बोलावलं, माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बारीक हाय. पन हाय."

कल्याणच्या आचाऱ्याची गाडी ठरल्या दिवशी आली. अण्णा ओसरीवरून म्हणाले, "भांडी कामात आहेत." त्यानं मोठ्यानं चार वाक्यं ऐकवली, आईनं त्याला चहा दिला आणि तो रिकाम्या गाडीनं परत गेला. पंचामृताची वाटी देवघरात गेली. नंतर कोणी काय काय बोललं, माझ्या लग्नाच्या वेळी "मुलगी चुलाणावर उभी राहते" म्हणून किती ठिकाणं मोडली, आणि शेवटी जो मिळाला तो आमच्या आमटीवर भाळूनच कसा आला, ते सगळं पुष्कळ आहे. आता माझ्या बोटांची पेरं सुजलेली असतात आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणजे माझ्या सबंध घराण्याचीच थट्टा. सून मोजायचे चमचे वापरते. मी काही बोलत नाही. फक्त पावसाळ्यात तिला म्हणते, आधी बोट घालून बघ.

पुढच्या वर्षी होळी झाली, चिंच उतरली. त्या वर्षी गोळे मी केले. अण्णा शेजारी बसून नुसते बघत होते, आणि मला माहीत होतं की त्यांचा उजवा हात मांडीवर माझ्याबरोबर मिटायला बघतोय. जुन्या बरणीत त्यांचा एकच गोळा उरला होता. तो मी कुणाला न सांगता रुमालात बांधून माझ्या पेटीत ठेवला. मला तो वापरायचा नव्हता. चार बोटं, एक अंगठा. तेवढंच राहिलं होतं त्या मुठीचं जगात.

कल्याणला मुंजीचं काम होतं, शंभर पानं. निघताना अण्णांनी जुन्या बरणीत डोकावलं. "एक होता इथे."

मी झारे-पळ्या पोत्यात भरत राहिले.

"कुमे, एक गोळा होता."

मी पेटीतून रुमाल आणून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "हा राहू दे ना अण्णा." त्यांनी गाठ सोडली, गोळा हातात घेतला, त्या अर्धवट वळणाऱ्या बोटांत तो बरोबर बसला, जणू तिथून कधी निघालाच नव्हता. थोडा वेळ तसाच धरला. मग माझ्या हातात परत देत म्हणाले, "चिंच आहे ती. आमटीत जायची. भिजत घाल."

कल्याणला पोचल्यावर मी तो माझ्या नव्या गोळ्यांबरोबर गरम पाण्यात टाकला. आधी बोटांचे पट्टे गेले, मग अंगठ्याचा खळगा, मग सगळंच एक तपकिरी पाणी झालं. मी ते कोळून आमटीत ओतलं. उकळी फुटली. दामूकाकांनी झारा थांबवला आणि वीस-एकवीस वर्षांच्या सवयीनं, उत्तर पाठ असल्यासारखी, हाक दिली.

"अण्णा, किती?"

"शंभराला चार," अण्णा म्हणाले.

दामूकाकांनी मान वर केली. "चार?"

"चारच. हिचा हात लहान आहे."

मी पदर खोचला आणि गोणीत हात घातला.